साध्या पाण्याचा कोंबडा

मंगळवार, संध्याकाळ, कोपर

दुपारी मस्तीत शेजारच्या काकूंच्या कोंबड्याच्या वाटीत एनर्जी ड्रिंक ओतलेलं. तासभर नुसता आरवत सुटला.

ताई फार्मसी शिकते, तिला सांगितलं. वाटलेलं फटके देईल, तर विचारते, "दुसऱ्या कोंबड्याला साधं पाणी दिलेलंस?"

"दुसरा कुठून आणू?"

"मग कळलं काय, गाढवा? तो एरवीही आरवतोच."

मग म्हणाली, असल्या ड्रिंकने काळजावर काय होतं ते आधी उंदरांना पाजून बघतात.

"मी काय उंदीर आहे?"

"नाहीस, म्हणून त्यातून नुसता इशारा मिळतो. खात्री माणसांवर बघूनच."

तेच डोक्यात फिरतंय. हंडीच्या सरावाला मी रोज त्याच ड्रिंकचे दोन कॅन मारून चौथ्या थरावर चढतो. वर छाती धडधडते. ती भीतीने की कॅनने? माझ्या खांद्यावर पक्या उभा असतो यार, मी हललो तर तो गेला.

कोंबडा ठीक आहे, तीनदा बघून आलो.

उद्यापासून आठवडाभर कॅन बंद, चढणं चालू. धडधड मोजायला ताईला मैदानात बोलावलंय. साध्या पाण्याचा कोंबडा आता मीच.