पाव्हण्याचा उपास

२० ऑक्टोबर १९४६, निपाणी

पोचलो. मी आणि उंदीर. दोघेही जिवंत!

बेळगावच्या मोटारीत पिंजऱ्यावर पंचा टाकून बसलो होतो. संकेश्वरपर्यंत कुणाला पत्ता नाही. मग पंचा घसरला. शेजारच्या म्हाताऱ्यानं बोंब ठोकली — "पिलेग! पिलेग आणलाय ह्यानं!" निम्मी मोटार रिकामी. मी ओरडून सांगतोय, हा पांढरा आहे, कॉलेजचा आहे, माझ्या ऑनर्सचा आहे! ड्रायव्हर म्हणाला, "मग ऑनर्सला घिऊन टपावर बसा." बसलो. निपाणीपर्यंत, वाऱ्यात.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचा शिपाई गावी जातो, म्हणून सरांनी मानसशास्त्राच्या आम्हा तिघांना एकेक उंदीर वाटून दिला. चक्रव्यूहात सोडायचा, दुसऱ्या टोकाला दाणे ठेवायचे, पोचायला किती वेळ लागला ते जर्नलात लिहायचं. वेळ रोज कमी झाला पाहिजे. अट एकच — दिवसभर उपाशी. भूक नाही तर शिकणं नाही, असं सर म्हणतात.

वडलांची, म्हणजे आप्पांचीही एकच अट. "ऑनर्स मिळाला तर म्होरं शीक. न्हाय मिळाला तर तंबाकूच्या वखारीत बस." वखारीत मला शिंका येतात. आता सगळी भिस्त उंदरावर!

२१ ऑक्टोबर

भरमा सुतारानं चक्रव्यूह करून दिला, तंबाखूच्या खोक्यांच्या फळ्यांचा. उंदीर आत गेला आणि सात वेळा शिंकला. सात! आप्पा म्हणाले, "तुझ्यावरच गेलाय." फळ्या धुऊन उन्हात टाकल्या.

२२ ऑक्टोबर

पहिली फेरी. चार मिनिटं दहा सेकंद.

आक्का बघायला आली. राजमती, माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून इथंच असते. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, पुढचं सगळं हिनंच केलं. मानसशास्त्र तेवढं माझं मी केलं.

"पाव्हणं जेवलं का रं?" म्हणाली. पाव्हणं! मी उपासाचा नियम सांगितला. ती पिंजऱ्यापाशीच बसून राहिली. लक्षण चांगलं नाही.

२५ ऑक्टोबर

पाच मिनिटं चाळीस. वेळ वाढतोय!

२७ ऑक्टोबर

दुसऱ्या वळणावर झोपला. एकोणीस मिनिटांनी मीच घड्याळ बंद केलं.

२८ ऑक्टोबर

चोर सापडला. पिंजऱ्यातल्या गवताखाली दिवाळीच्या लाडवाचा चुरा, शेंगदाणे आणि — शेव! कुणाचं काम हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही.

"आक्का, त्याला उपाशी ठेवायचाय!"

"मुका जीव घरात उपाशी ठिऊन माझ्या नरड्याखाली घास उतरंल व्हय रं?"

शास्त्र सांगितलं, आलेख सांगितला. ढिम्म! शेवटी वखारीचा विषय काढला. शिंकूनसुद्धा दाखवलं. तेव्हा कुठं तिचा चेहरा उतरला.

"तुझं पास हुणं ह्याच्यावर हाय?"

"व्हय."

"किती दिस?"

"धा-बारा."

"सांजंच्याला तरी घालतोस न्हवं?"

"पळाला की लगेच. पोटभर."

"बरं. मी न्हाय घालत त्याला."

जिंकलो! याला मतपरिवर्तन म्हणतात. सरांना शिकवीन.

३० ऑक्टोबर

तीन मिनिटं!!

१ नोव्हेंबर

एक मिनिट पन्नास. हुशार उंदीर आहे, माझ्या हाताचा गुण.

आक्कालाही शास्त्राची गोडी लागलीय. पाच वाजले की हातातलं काम टाकून चक्रव्यूहापाशी येऊन बसते. "पळ रं माझ्या राजा! डावीकडं, डावीकडं! आंधळा हाईस काय?" मी म्हटलं, प्रयोगात शांतता पाहिजे. तर तोंडावर पदर दाबून बसली. उंदीर दाण्यांपाशी पोचला, की ही तडक उठून स्वयंपाकघरात. निकाल लागल्यावर कोण थांबतंय!

४ नोव्हेंबर

पंचावन्न सेकंद.

सकाळी जेवताना आप्पा म्हणाले, "राजमतीचा आज बी उपास? पंचांगात तर काय न्हाय."

"हाय एक," आक्का म्हणाली आणि त्यांना भाकरी वाढली.

आप्पांनी जेवण झाल्यावर पुन्हा पंचांग चाळलं. बायकांची व्रतं आणि धार्मिक मन — यावर झकास निबंध होईल. टिपून ठेवतो.

७ नोव्हेंबर

चाळीस सेकंद. आलेख काढून आप्पांना दाखवला. "तंबाकूचा भाव पडल्यागत दिसतंय," म्हणाले.

आक्का हल्ली दमते. आज कळशी उचलताना मध्येच खाली बसली. ऊन लागलं म्हणते. नोव्हेंबरात!

९ नोव्हेंबर

कल्पना सुचलीय! तीन दिवस पूर्ण उपाशी ठेवायचा आणि मग एकदाच सोडायचा. असला आकडा वर्गातल्या बाकी दोघांपैकी कुणाकडं नसणार. ऑनर्स खिशात!

आक्काला सांगितलं, "आज सांजंला द्यायचं न्हाय. उद्या बी न्हाय. परवा सांजंला एकदम."

तिनं हातातली परात खाली ठेवली. "परवा?"

"व्हय."

परात परत उचलत म्हणाली, "पाणी चालतंय न्हवं त्याला?"

"पाणी चालतंय."

"मग बरं."

किती बारकाईनं विचारते! सरांच्या वर्गातसुद्धा कुणी असं विचारत नाही.

१० नोव्हेंबर

उंदीर पिंजऱ्याचे गज चावतोय. उत्तम!

११ नोव्हेंबर

दुपारी आक्का विहिरीपाशी पडली. आप्पांनी आणि मी उचलून आणली. मी डॉक्टरांकडं धावत निघालो तर आप्पांनी हात धरला.

"डाक्टर मागनं. आधी तुझ्या उंदराला खायाला घाल. त्यानं खाल्ल्याबिगर ही खात न्हाय. परवापासनं पाण्यावर हाय. त्याच्या आधी बी रोज सांजंपतोर तशीच. आत्ता कबूल झाली."

चक्रव्यूह नाही, घड्याळ नाही. ओंजळभर दाणे पिंजऱ्यात टाकले. तो खातोय हे आक्कानं मान वळवून पाहिलं, मग माझ्या हातनं पेज प्याली. "आता तुझं पास हुणं कसं रं?" म्हणाली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शेवटच्या फेरीचा रकाना रिकामाच राहणार. जर्नलात पहिल्या पानावर लिहिलं होतं — उपाशी ठेवलेले जीव : एक. ते खोडलं. दोन केलं.