महिन्यातून दोनदा

३ मार्च

ती. आत्यास सा. न.

वाचून झाल्यावर हे फाडून टाक, आईलाही सांगितलेलं नाही. दुसरं मूल इतक्यात नको म्हणून तू सांगितलेली आत ठेवायची फेसाची गोळी तीन महिने वापरतेय. पंधरा दिवस झाले, खाली नुसती आग होते. शिलाई मशीनवर बसवत नाही. यांनीच बाहेरून काही आजार आणला असणार, असं मनाने घेतलंय. अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलंय यांचं. कारण विचारतात, मी गप्प. रविवारी बॅग भरून तुझ्याकडेच येते.

पाया पडते. जीव लाव, रागावू नकोस.
धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

फाडायचं तर लिहितेस कशाला? ठेवलंय नीट. बॅग रिकामी कर आधी.

नवऱ्यावर आळ घ्यायला मला कधी जड गेलं नाही, पण या खेपेला शेण मीच खाल्लं. गोळी चांगली, मला कधी काही झालं नाही, असं छातीठोक सांगितलं तुला. तुझे आतोबा ट्रक घेऊन फिरायचे, महिन्यातून दोनदा घरी टेकायचे, हे सांगायचं राहिलं. म्हणजे महिन्याला गोळ्या दोन! तुझा नवरा बेकरीवाला, रोज संध्याकाळी दारात हजर.

लाँड्रीत मी वीस वर्षं धुण्याच्या सोड्यात हात घातले. आठवड्याला एकदा घाला, काही होत नाही. रोज घाला, बोटं फाटतात. आतली कातडी तर त्याहून नाजूक. ही झाली माझी चौथी पास अक्कल. गोळी आजच बंद कर आणि दोघं जाऊन नर्सबाईंना दाखवा. लाजू नका, त्यांचं कामच ते. त्याचं काही निघालंच, तर बॅग मी भरते.

माया आहे म्हणूनच बोलते.
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास सा. न.

जाऊन आलो. नर्सबाईंनी पहिलं हेच विचारलं, किती वेळा? रोज, सुट्टीला दोनदा, असं मान खाली घालून सांगितलं. त्या म्हणाल्या, क्वचित वापरणाऱ्या बऱ्याच जणींना त्रास होत नाही, पण रोज वापरलं की आतली कातडी सोलवटते. मग उलट आजार लवकर शिरतो, ही गोळी काही आजार अडवत नाही. दोघांचीही तपासणी झाली, काही निघालं नाही. सध्या साधे निरोध दिलेत, तांबीचं पुढे बघू. आग थांबलीय.

संशय घेतला होता, हेही यांना सांगितलं. मग म्हणाले, विचारायचंस तरी. अंथरूण अजून बाहेरच आहे.

लोभ कमी करू नकोस.
धाकटी

२३ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तूच टाकलंस, तूच उचलून आत आण. तो आणणार नाही, दुखावलाय.

जास्त लिहीत नाही. हीच गोळी मी आणखी चौघींना सांगितलीय, त्यांना पत्रं टाकायचीत. एकीचा नवरा तर घरातच दुकान चालवतो.

आत्या