सुतळीचं शेड

१२ जानेवारी, रविवार

परड्यात खुंट्या ठोकल्या. चार कोपऱ्यांना चार, त्यांना सुतळी, सुतळीखाली फक्कीची पांढरी रेघ. त्या रेघेच्या आत माझं शेवयांचं शेड. अजून भिंत नाही, पत्रा नाही, पण कोंबड्या आत फिरून आल्या. त्यांना पसंत आहे.

मशीन दिवाळीपासून झोपायच्या खोलीत आहे. बारामतीहून आणलं तेव्हा गोकुळ म्हणाला होता, "तूर्त ठेव हितं." (नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लिहायचं नसतं असं कुणी सांगितलेलं नाही.) त्याचं तूर्त कधी संपतं ते त्यालाच माहीत. उशीवर पीठ, गादीवर पीठ. पेरूच्या बागेतून तो मातीने माखून येतो आणि सकाळी मैद्याने माखून उठतो.

होळीच्या आत शेड झालं तर झालं. मग बायकांची वाळवणं सुरू होतात, सगळ्या शेळगावला शेवया लागतात. नाही झालं तर मशीन प्राचीला द्यायचं, असं गोकुळने ठरवलंय. प्राची म्हणजे त्याच्या चुलतभावाची बायको, सुप्याची. तिने दोनदा फोन करून मशीनची तब्येत विचारली. माझी एकदाही नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला, घेतला. शेडचा विषय कुणी काढला नाही, म्हणून दिवसभर गोड बोलणं जमलं.

१६ जानेवारी

इंदापूरहून दीपक आला, शेड बांधणारा. टेप धरून माप घेतलं. अँगल कुठं, पत्र्याचा उतार कुठं, सगळं मोबाइलवर काढून दाखवलं. पत्र्याचं घर फार सुबक दिसत होतं, मागे डोंगर वगैरे. आमच्या मागे शेवग्याचं झाड आणि शेजारच्या छबूबाईचा गोठा आहे.

"वहिनी, दार कुठं काढायचं?"

मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे बोट दाखवलं. समोरासमोर. इकडून निघालं की चार पावलांवर शेड. गॅसवर दूध ठेवूनही जाता येईल.

"दाराचं एकमतानं ठरवा. पत्रा कापल्यावर मला बोलायचं न्हाय," असं म्हणून तो गाडीवर बसला. दोन फेब्रुवारीला खड्डे घ्यायला येणार. तेव्हा नाही घेतले तर त्याला पुढे महिनाभर नरसिंहपूरकडचं काम आहे, म्हणजे होळी गेली.

एकमत! आमच्या घरात भाजी कोणती करायची यावर आजवर एकमत झालेलं नाही.

१८ जानेवारी

शेडमध्ये भाडेकरू आला. सकाळी पाहते तर सुतळीच्या आत आणखी एक सुतळी, बरोबर मधोमध, आणि पलीकडच्या अर्ध्यात पेरूच्या कॅरेटची थप्पी.

"तुझ्या मशीनला जागा लागती किती? टीपॉयएवढी," गोकुळ म्हणाला.

"आणि शेवया वाळत घालायच्या काठ्या?"

"त्या वर बांध की."

मी त्याची सुतळी सोडली आणि त्याच्याच कॅरेटला गुंडाळून ठेवली.

२० जानेवारी

आबांनी बाज आणून टाकली. आबा म्हणजे सासरे. "हितं वारं झकास येतंय," म्हणाले. मी म्हटलं, आबा, चारी बाजूंनी पत्रा लागला की वारं कुठून येणार? "मग बाजंपशी खिडकी ठेव," म्हणाले आणि तोंडावर टॉवेल घेऊन झोपले. माझ्या शेडमध्ये पहिली झोप आबांची लागली. खुंट्यांना नारळसुद्धा फोडला नव्हता.

२३ जानेवारी

आज वाईट दिवस. कुशाबाई वरच्या वस्तीवरून रवा-मैदा मळून घेऊन आल्या, लेकीच्या डोहाळजेवणाला शेवया हव्या होत्या. सीझनच्या आधीचं पहिलं गिऱ्हाईक. मशीन सुरू केलं, पहिल्या शेवया अगदी केसासारख्या उतरल्या.

"निकिताऽ, टॉवेल कुठंय?" — मशीन बंद. टॉवेल दोरीवर होता. त्याच्या डोक्यावर.

परत सुरू केलं. आबांचा चहा. परत सुरू केलं. दूधवाला आला, पातेलं कुणी द्यायचं? पातेल्याच्या शेजारी गोकुळ उभा होता, पण त्याला ते दिसलं नाही.

परत आले तोवर पीठ मशीनच्या तोंडाशी सुकून दगड झालेलं. उरलेल्या शेवया तुटक्या. कुशाबाई काही रागावल्या नाहीत. तुकडे गोळा करून पिशवीत भरले आणि म्हणाल्या, "मशीन हाय गं तुझ्यापशी. पर तू कुठं हायेस?"

फार लागलं मला ते. मी मशीन पुसत बसले. आत्या — सासूबाईंना मी आत्या म्हणते — दारात मेथी निवडत होत्या. सगळं पाहत होत्या.

२५ जानेवारी

आज कहर. माझ्या दाराच्या जागी उखळ! जुनं दगडी, कित्येक वर्षं शेवग्याखाली पडलेलं. ते लोटत आणून बरोबर स्वयंपाकघराच्या बाजूच्या सुतळीला लावून ठेवलंय. आत्या आणि छबूबाई, दोघींनी मिळून. दोघींचीही कंबर धरलेली असते. शेंगा तोडायला जमत नाही, उखळ जमलं.

आणि फक्कीत मी दारासाठी सोडलेली जागा पायाने पुसून रेघ सलग केलेली. दुसरी फट पलीकडे, बोळाच्या बाजूला. म्हणजे घरातून निघायचं, ओटा उतरायचा, घराला वळसा घालायचा, बोळातून छबूबाईच्या म्हशीला रामराम करायचा आणि मग शेडमध्ये शिरायचं. चार पावलांवरच्या जागेला!

२६ जानेवारी

विचारलं. सरळ विचारलं.

"दारापुढं दार आलं की घरात भांडणं व्हत्यात," आत्या म्हणाल्या.

"आत्ता दार नाही तरी होतातच की."

"मग दार आल्यावर किती व्हतील."

मी म्हटलं, आत्या, पावसात त्या बोळात चिखल असतो. त्या म्हणाल्या, फरशी टाकून घे. मी म्हटलं, तुम्हाला मला घरातून बाहेर काढायचंय का? मग म्हणाल्या, "माझा शेवयाचा पाट चुलीपुढंच असायचा. उठ-बस, उठ-बस. एक शेवई कधी धड लांब आली न्हाय माझी."

म्हणजे आम्ही असंच केलं, तूही कर. कळला अर्थ. इतकी काही मी बुद्दू नाही.

गोकुळला मध्ये घातलं. तो म्हणाला, "आई म्हणतीया तर ऱ्हाऊ दे की." या माणसाला कॅरेट सोडून कशातही मत नाही.

२८ जानेवारी

आत्यांशी बोलणं बंद. कोंबड्यांशी चालू आहे.

३० जानेवारी

प्राचीचा फोन. "मशीनचं काय ठरलं, वहिनी?" मी म्हटलं, रविवारी कळवते. ठेवल्यावर मशीनवर हात ठेवून बसले. माझ्या आयुष्यात माझ्या पसंतीने आणलेली ही एकच वस्तू. पातेली, पडदे, नवरा — सगळं दुसऱ्यांनी पाहून आणलेलं. नाही देणार. बोळातून तर बोळातून. पण आत्यांना हे मी विसरणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दीपक यायच्या आधी लाईटचा बोर्ड कुठं लावायचा ते पाहायला सुतळीच्या आत गेले. बोळाच्या बाजूने गेले, मुद्दाम, आत्यांना दिसावं म्हणून. त्या उखळावर बसून लसूण सोलत होत्या.

आतून हाक आली. "निकिताऽ, टॉवेल!"

माझा पाय आपोआप उचलला. सुतळी काय, कोंबडीही ओलांडते.

"ती कामाला गेलीया," आत्या मान न वळवता म्हणाल्या.

गोकुळ ओल्या अंगाने मागच्या दारात आला. "कुठं?"

"कामाला. काम असंल तर बोळातनं जा, दार तिकडं हाय. आन चपला घालून जा."

तो चार पावलांवरून माझ्याकडे बघत राहिला. मी बोर्डाची जागा बघत राहिले. डोळे भरून आले होते, पण कामाला गेलेल्या बाईने रडायचं नसतं. मग त्याने स्वतःच दोरीवरचा टॉवेल काढला.

दीपक आला. म्हणाला, वहिनी, दाराचं झालं का एकमत?

मी बोळाकडे बोट दाखवलं.