गोठलेला पायजमा

जोल्चू,

आजपासून या घराशी माझा संबंध कायमचा संपला. निदान रविवारपर्यंत तरी. मी नुरझातकडे जातोय. लेकीच्या घरी कपडे मोडत नाहीत.

नारीनमध्ये साठ हिवाळे काढून तुला एवढं कळू नये? बाल्कनीतल्या दोरीवरचा कपडा गोठून फळीसारखा ताठ होतो. तो तसाच अलगद आत आणायचा, चुलीपासून हातभर लांब उभा करायचा आणि मऊ पडून आपोआप खाली बसला की मग घडी घालायची. तू बाहेरच, सरपण मोडावं तसा, माझा फ्लॅनेलचा पायजमा गुडघ्यावर दुमडलास. त्याचे दोन्ही पाय चिरले. वर म्हणालास, "दादा, कापड आहे ते, काच नाही! बाजारातून नवा आण."

बाजारात तुझी उपेलकान वहिनी बसते का शिवायला? जाण्याआधी तिने शिवलेला तो शेवटचा जोड. दोन वर्षं मी तो कोमट पाण्यात, न पिळता, स्वतःच्या हातांनी धुतोय. तुझी मदत कुणी मागितली होती? धाकट्याला मूर्खपणाची सवलत चाळिशीपर्यंत असते. तू ती वीस वर्षं जास्त वापरलीस.

सूप झाकून ठेवलंय. ते मांजरासाठी आहे. उरलं तर खा.

त्या जोडातला सदरा अजून दोरीवर आहे. त्याला हात लावू नकोस.

पण दुपारनंतर बर्फ पडेल म्हणतात. तेव्हा दोन्ही हातांनी धरून आत आण आणि चुलीजवळच्या माझ्या खुर्चीत बसव. मी येईपर्यंत त्याच्याशी वाद घालू नकोस.

सागिनाली