चाचणी सोडून गेलेले एकेचाळीस

ती. बाबांना धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईच्या हातांची थरथर कशी आहे?

तिच्यासाठी आपण ज्या गोळीची वाट पाहतोय, तिच्या चाचणीची आकडेमोड माझ्याकडेच आहे. निकाल छान दिसत होता. पण चाचणी मध्येच सोडून गेलेले एकेचाळीस रुग्ण त्यात धरलेच नव्हते. मी कारणं वाचली. बहुतेक जण चक्कर येऊन पडले होते. त्यांना धरलं, तर गोळीचा गुण उरतच नाही.

"सोडून गेलेल्यांना कशाला मोजतेस?" साहेब म्हणाले.

"ते गोळीमुळेच सोडून गेले, सर."

मी सही केली नाही. अहवाल थांबलाय, माझी नोकरीही टांगणीला लागलीय. काळजी करू नका.

आईला मात्र तुम्हीच सांगा, बाबा. माझी हिंमत होत नाही.

तुमची,
धाकटी