दवावरचा वाल

आई, मी तुझा वाल पाण्याच्या हिशेबातून बाहेर काढायला निघाले आहे आणि ते तुला सांगावंसं वाटलं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी काय काम करते ते तुला कधी कळलंच नाही. बदलापूरपासून वांगणीपर्यंत किती शेतीला पाणी दिलं जातं, याचा अंदाज मी उपग्रहाच्या चित्रांवरून काढते. त्यावरून शेती नदीचं किती पाणी घेते ते ठरतं आणि उन्हाळ्यात नदीकाठचे पंप किती वेळ चालू द्यायचे तेही. आकडा फुगला तर भेंडी-काकडीवाल्यांचे पंप ऐन चैत्रात बंद पडतील.

आणि आकडा फुगलाय. भात कापल्यावर थंडीत जे जे हिरवं दिसतं, ते सगळं आमच्या नकाशात ओलिताखाली धरलंय. साहेब म्हणतात, "मॅडम, पाऊस संपल्यावर हिरवं म्हणजे पाणी दिलेलंच. सगळीकडे असंच धरतात." मी पडद्याकडे बघते आणि मला कुळगावचं आपलं शेत दिसतं. भात निघालाय, खाचरात अजून ओल आहे, तू वाकून वाल पेरते आहेस. त्यानंतर त्याला कुणी थेंबभर पाणी देत नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावरच तो वाढतो. एकदा मला त्याची दया आली होती. शाळेतून आल्यावर विहिरीवरून कळशी भरून आणली आणि एका कोपऱ्यातल्या रोपांना पाणी घालत बसले. तू बांधावरून ओरडत आलीस, "अगो, काय करतेस? वालाला कोन पानी घालतं? नुसता पाला माजंल, शेंग नाय धरायची!" त्या कोपऱ्यात खरंच पाल्याचं रान झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तू तो कोपरा दाखवायचीस, "ही आमच्या पोरीची बागायत."

शेंगांची पाटी घेऊन आपण उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात बसायचो. एक सिंधी आजी दरवेळी घासाघीस करायची. "अरे माई, पानी तो डालती नहीं, फिर इतना महंगा क्यों?" तू तुझ्या हिंदीत तिला सुनवायचीस, "पानी नहीं डाला म्हणून तर मीठा है. पका के देखो, फिर बोलो." ती पुटपुटत पिशवी पुढे करायची. पुढच्या खेपेला पुन्हा आपल्याच पाटीपुढे.

गेल्या आठवड्यात मी साहेबांना वांगणीला घेऊन गेले. बांधावर एक म्हातारे काका बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, "काय, प्लॉट पाडायला आलाव?"

"नाही काका, वाल बघायला."

"बघा की. बघायला पैसं नाय."

साहेबांनी शेताला फेरी मारली. पाइप नाही, पाट नाही, जवळपास पंपही नाही. पलीकडे कुणाच्या तरी फार्महाउसच्या लॉनवर मात्र फवारे भर दुपारी चालू होते, आणि आमच्या नकाशात तेही पीकच होतं. साहेब आधी हसले, मग माझ्याकडे वळले.

"वालाचं पटलं मॅडम. पण एकेक शेत जाऊन बघणार कोण?"

"मी."

"आणि अहवालाची मुदत?"

"मुदतीच्या आत."

तेव्हापासून ऑफिसच्या आधी रोज एक शिवार पालथं घालते. वाल वेगळा, लॉन वेगळी, पंपावरची भाजी वेगळी. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, तरी थांबावंसं वाटत नाही. जुन्या आकड्याखाली माझी सही मिळणार नाही, हे साहेबांना सांगून ठेवलंय. नवा आकडा वरचे मानतील की नाही, माहीत नाही. निदान तो खरा असेल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. काल साहेबांसाठी डब्यात वालाचं बिरडं नेलं होतं. "वाल घरचेच?" त्यांनी विचारलं आणि मी मान डोलावली. वाल भिजवून, मोड आणून सोलत बसायला या धावपळीत वेळ कुठला? सोललेले, पाकिटातले आणले होते. ते दवावर झालेले की कुणी पाणी पाजून वाढवलेले, हे मी दुकानदाराला विचारलंसुद्धा नाही.