तबकडीवरचं नाव

अदिस अबाबा,
येकातित २०, १९६३

ती. ताईस झेल्लेकेचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली मसाल्याची पुडी पोचली; अर्धी बँडवाल्यांनी फस्त केली. सोबतच्या पुठ्ठ्यात माझी पहिली तबकडी आहे. गाणं आई कॉफी कांडताना म्हणायची तेच, पण मागे तीन पितळी वाद्यं, ऑर्गन आणि गिटार. अमेरिकन गवई घसा फाटेस्तोवर ओरडतात, तसा मीही शेवटी दोनदा ओरडलोय, दचकू नकोस. ड्रमवाल्याला ताल काही केल्या सापडेना. शेवटी स्टुडिओत खलबत्ता मागवून मीच कॉफी कांडून दाखवली.

दारोदार गाणारा अझमारी आपल्या घरात नको, असं बाबा म्हणाले त्याला तीन वर्षं झाली. देवळात स्तोत्रं गाणाऱ्याच्या मुलानं हॉटेलात गावं, हे त्यांना कसं रुचावं? म्हणून तबकडीवर नुसतं ‘झेल्लेके’ छापून घेतलंय, पुढे बाबांचं नाव लावलेलं नाही. माझ्यापायी त्यांना बोल नको. एवढं त्यांना सांग आणि मोठा उपास सुटला की फासिकाच्या सणाला घरी येऊ का, ते विचार. तीन सण हॉटेलातलं कोंबडं खाऊन काढलेत.

लोभ आहेच, तो पत्रातही उतरू दे.

तुझा झेल्लेके


देस्से,
मेगाबित ६

चि. झेल्लेकेस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

अरे शहाण्या, ऐन मोठ्या उपासात तबकडी पाठवतात का? पंचावन्न दिवस बाबांच्या स्तोत्रांच्या बेगेनाखेरीज घरात तार छेडायची नाही, हे विसरलास? मी ती अजिबात लावली नाही. खरं सांगायचं तर शेजारच्या शिंप्याच्या ग्रामोफोनवर एकदाच लावली, दार लोटून. आईची ओळ आली आणि मला रडू आवरेना. तू ओरडलास तिथं शिंप्याची सुई बोटात गेली. पाप सणाआधी पाद्रीबाबांना सांगून टाकीन.

बाबांनी चष्मा लावून तबकडी वाचली, उलटून दुसरी बाजूही वाचली. तुझा निरोप मी शब्दन्‌शब्द सांगितला. तेव्हापासून तीन दिवस बेगेना खुंटीवरच आहे, तेही उपासाच्या दिवसांत. फार रागावलेत असं वाटतं. सणाचं विचारायचा धीर मला झाला नाही, बाळा.

जेवतोस ना वेळेवर? पुठ्ठ्यावरच्या फोटोत कोट तेवढा दिसतो, तू दिसत नाहीस.

आठवण ठेव, पत्र लांबवू नकोस.

तुझी ताई वर्कनेश


अदिस अबाबा,
मेगाबित १५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

समजलो. सणाच्या दिवसाची हॉटेलातली पाळी मीच मागून घेतली आहे. माझं इथं बरं चाललंय. भाजीवालीसुद्धा माझं गाणं गुणगुणते आणि चार मिरच्या जास्त टाकते. गाण्याचा पस्तावा नाही, ताई. फक्त आपल्या ताटावर बसायचं होतं. तबकडी तुझ्या पेटीत राहू दे.

बाबांना माझा नमस्कार कळव, जमलं तर.

झेल्लेके


देस्से,
मेगाबित २४

चि. झेल्लेके मेर्शा यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वर्कनेशनं लपवलं होतं, मी पेटीतून काढून वाचलं. तुझा धंदा मला आवडत नाही, आजही नाही. पण देवळाच्या दारातला भिकारीसुद्धा नाव विचारलं की बापाचं नाव जोडून सांगतो. तू नुसताच झेल्लेके. तसे आमच्या गल्लीत चार आहेत, त्यातला तू कुणाचा? मला बोल लागू नये म्हणून नाव गाळलंस, हे वर्कनेशनं सांगितलं. मला एका शब्दानं विचारायचं होतंस. घरात अझमारी नको असं मी म्हणालो होतो, मुलगा नको असं म्हणालो नव्हतो. तीन दिवस बेगेनाला हात लावावासा वाटला नाही.

गाणं ऐकलेलं नाही, उपास आहे. कांडताना तुझ्या आईचा हात तिसऱ्या ठोक्याला जरा थांबायचा. तो थांबा तू घेतलास की नाही, ते फासिकाला जेवणं झाल्यावर बघू. शिंप्याला ग्रामोफोन आणायला सांगितलं आहे, कोंबडा घेऊन ठेवला आहे. पाळी दुसऱ्याला दे आणि सणाआधीच्या गुरुवारची बस पकड.

तबकडीच्या गोल कागदावर तुझ्या नावापुढं माझं नाव मी शाईनं लिहिलं आहे. जागा नव्हती, त्यामुळं अक्षर दाटीचं आलं. पुढच्या तबकडीला छापणाऱ्याला जागा सोडायला सांग.

तुझा बाप,
मेर्शा